कडक उपास

मुळशीत आम्ही समुपदेशकांना मोठ्या माणसांच्या खाण्याच्या आजारांबद्दल शिकवायचो, तेव्हा लोक तोंडावर हसायचे. आजार कसला, चार दिवस शेतात राबवा, आपोआप जेवेल! माझ्या विद्यार्थ्यांनाही हे हिंजवडीच्या कंपन्यांतल्या बारीक पोरींचं खूळ वाटायचं. समजावून समजावून माझा घसा बसायचा.

मग नांदे गावची एक सून आमच्या केंद्रात आली. चाळिशीची, दोन मुलांची आई, नुसता हाडांचा सापळा. चक्कर येते म्हणून सासूनं आणलेली. सासू कौतुकानं सांगत होती, आठवड्यातले बहुतेक वार ही निर्जळी धरते, अख्ख्या गावात असा कडक उपास कुणाचा नाही. तिच्यासाठी नेमलेली माझी विद्यार्थिनी स्वतः श्रावणी सोमवार करणारी. तिनं त्या बाईकडे असं भक्तिभावानं पाहिलं की माझं डोकंच फिरलं. बाहेर नेऊन चांगली झाडली तिला. देवाचं नाव पुढं करून ही बाई अन्नाला भितेय, अशीच राहिली तर मरेल, हे तिच्या गळी उतरवता उतरवता संध्याकाळ झाली.

आमच्या पद्धतीत उपचार करणारा रुग्णाशेजारी बसून तेच अन्न जेवतो. उन्हाळाभर दोघी एकत्र जेवल्या. आधी भाकरीचा तुकडा, तोही रडत रडत. मग चतकोर, मग अर्धी. बाईचे गाल जरा भरले. मी खूश होते, अगदी मूर्खासारखी.

श्रावण लागला. तिच्यासमोर उपास धरायचा नाही, असं मी विद्यार्थिनीला बजावलं होतं. तिनं मान डोलावली, पण लहानपणापासूनचं व्रत, मोडवेना. पहिल्या सोमवारी तिनं बाईला वाढलं आणि स्वतः नुसता पाण्याचा पेला घेऊन बसली. बाईनं आपलं ताट हळूच बाजूला सारलं.

"तुमालाबी ठावं हाय की ताई," ती म्हणाली, "न जेवता किती बरं वाटतंय ते."

त्यानंतर ती आली नाही. आम्ही घरी गेलो, तर सासूनं चहा पाजून वाटेला लावलं. सुनेचा नेम चाललाय, तिला नादी लावू नका म्हणाली.

नवरात्रात पाचव्या माळेला तिचं हृदय थांबलं. गाव म्हणालं, सवाष्ण गेली, तीही देवीच्या दिवसांत, सोनं झालं. सोनं! त्या शब्दाची मला अजून चीड येते.

दहाव्याला मी आणि विद्यार्थिनी गेलो. पिंडाला कावळा शिवेना. तिच्या आवडीचं काहीतरी ठेवा, असं कुणीतरी सुचवलं. नवऱ्यानं आईकडे पाहिलं, आईनं नातीकडे. पोरगी रडायला लागली. आईला काय आवडायचं, तिला आठवेना.

शेवटी सासू म्हणाली, "साबुदाना आणा. उपासाचंच ठिवा."