ताकदीच्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि सांगायचं खरं तर तिलाच होतं.

दारू सुटून मला आठ वर्षं झाली. टिळकवाडीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सांगत फिरलो. "मनाचा निग्रह, दुसरं काय?" पण निग्रहाला झोप येत नव्हती हो! दारू गेली तशी झोपही गेली, आणि सकाळी चहाचा कप बघितला तरी रडू यायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या — एक मन ताळ्यावर राहावं म्हणून, एक झोपेची. यात लाजण्यासारखं काय होतं? वीस वर्षं लोक बेवडा म्हणाले तेव्हा लाजलो नाही, आणि 'डोक्याच्या गोळ्या खातो' म्हणतील म्हणून लाजलो. सगळ्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या. कलावतीला, म्हणजे बायकोला, सांगितलं — ताकदीच्या आहेत.

पुढे सदलग्याला आमच्या आक्काच्या मुलीचं लग्न निघालं. कलावती दोन दिवस राबत होती. पाय भरून आलेले. लग्नाच्या सकाळी तिनं माझ्या बाटलीतली ताकद घेतली — दोन गोळ्या, दोन्ही झोपेच्याच निघाल्या. तिसऱ्या मंगलाष्टकाला ही नवरदेवाच्या आत्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागली. मुठीत अक्षता तशाच. हलवलं तर आत्याबाईंनाच म्हणाली, "सरका की वाईच, पांघरूण कुठं हाय?"

मंडप हसला. मीही हसलो. मग मागून कुणीतरी म्हणालं, "नवऱ्यानं सोडली, बायकूनं धरली जणू!" — आणि आक्का पुढं आली, वाकली, आणि तिनं कलावतीच्या तोंडाचा वास घेतला.

बाटली माझ्या पिशवीत होती. एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? — जिलेबी वाढायला गेलो.

घरी आल्यावर कलावती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं तोंड उघडून माझ्या नाकावर श्वास सोडला. वीस वर्षं तिनं माझं तोंड हुंगलं होतं.

"येतोय काय हो वास? तुमास्नी कळतंय की."

"न्हाय."

"मग झालतं तरी काय मला?"

"ऊन लागलं असंल," मी म्हणालो.

तेव्हापासून ती प्रत्येक लग्नाला छत्री नेते. लग्न हॉलमध्ये असलं, थंडीत असलं तरी. मागच्या रांगेत बसते, छत्री मांडीवर. बायका अजून कुजबुजतात, आणि ती अजून मला म्हणते, "तुमी वळखलासा म्हणून बरं. ऊनच ते."

परवा सांबऱ्याला लग्न आहे. आक्काही येणार आहे. हा कागद घडी घालून त्या छत्रीत ठेवतो आहे. उघडली की पडेल. सगळ्यांसमोर पडला तर पडू दे — माझं अक्षर आक्का ओळखते.