अक्काच्या फरशीवरची पोती

हे पहिल्यापासून शेवटपर्यंत मी अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोला एक तुकडा माहीत आहे, वळसंगच्या कल्लव्वा अक्काला दुसरा — पण सगळं एका दमात? छे. धीरच झाला नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बसा जरा.

मी सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टर सुई टोचतील तेवढा वेळ जनावर धरून ठेवायचं. पण खेड्यात गेलो की लोक मला 'डाक्टर' म्हणतात आणि मी गप्प बसतो. तीस वर्षं गप्प बसलोय. म्हणजे माझी सवय कुठली, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

माझ्याकडे एक लॅब्रॅडॉर होता. टायगर. वाघासारखं त्याच्यात काहीच नव्हतं — पिवळाधमक, घमेल्याएवढं डोकं, आणि मांजर दिसलं की माझ्या पायामागं लपायचा. पण रूप? अहो, रस्त्यानं नेलं की रिक्षावाले गाडी थांबवायचे. एकदा कुत्र्यांच्या प्रदर्शनात त्याला कप मिळाला, तो मी टीव्हीवर ठेवला, आणि मग काय! माढ्यापासून अक्कलकोटपर्यंत ज्याच्याकडे म्हणून लॅबची मादी, तो माझ्या दारात. आमच्यात पद्धत अशी की ज्याचा नर, त्यानं पिलांतलं पहिलं पिल्लू निवडायचं. मी रुबाबात जायचो, एकेक पिल्लू उचलून बघायचो, मान हलवायचो. 'टायगरचं रक्त आहे' म्हणायचो. लई माज होता मला, खरं सांगतो.

तीन वर्षांचा असताना टायगर सकाळी उठताना मागचे पाय जरा ओढायला लागला. दवाखान्यात नेलं असतं तर चार लोकांना कळलं असतं. म्हणून दुसरीकडे, एका खाजगी डॉक्टरांकडे गुपचूप नेला आणि एक्स-रे काढला. त्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि मला बोटानं दाखवलं — खुब्याच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसतच नव्हता. हे या जातीत येतं, म्हणाले. बापाकडून, आईकडून पिलांत उतरतं. सगळ्यांत उतरेल असं नाही, पण याच्यावर आता मादी घालू नका.

मी 'हो' म्हणालो. फिल्म घरी आणली आणि कपाटात साड्यांच्या खाली सरकवली.

ती नागपंचमीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आणि नागपंचमीलाच एकजण मादी घेऊन आला. नाही म्हणायला तोंड होतं की मला! पण नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. मग टीव्हीवरच्या कपाचं काय? मान हलवणाऱ्या माझं काय? मी टायगरला बाहेर सोडला.

दसऱ्यात पिल्लं झाली. मी माझ्या मानाचं पिल्लू निवडलं — सगळ्यांत गुबगुबीत — आणि ते वळसंगच्या कल्लव्वा अक्काला दिलं. त्यांच्या म्हशींच्या इलाजाला मी जायचो, तशी ओळख. मालक वारलेले, मुलगा पुण्याला कामाला, शेतातल्या घरात बाई एकटी. पिल्लू पदरात घेऊन त्या इतक्या हसल्या की मला वाटलं, आपण केवढं पुण्याचं काम केलं! बाळ्या, असं नाव ठेवलं त्यांनी.

अडीच वर्षांचा झाला आणि बाळ्याचे मागचे पाय बसले.

अक्का त्याला टेंपोत घालून सोलापूरला घेऊन आल्या. डॉक्टर दौऱ्यावर होते. मी खुब्यावर हात ठेवला आणि हाताखाली ते कटकन वाजलं — टायगरचं वाजायचं तस्सं. मला एका क्षणात कळलं. आणि त्याच क्षणी मी काय बोललो? 'अक्का, घरात गुळगुळीत फरशी टाकलीय का?' त्या म्हणाल्या, 'व्हय की, औंदाच टाकली.' मी म्हणालो, 'मग! त्याच्यावर घसरून-घसरून झालंय हे. आणि खायला पण लई घातलंय तुमी.'

खोटं पूर्ण खोटं असतं तर पकडलं तरी गेलं असतं. घसरड्या फरशीनं आणि वजनानं हा त्रास वाढतो, ते खरंच आहे. पण मूळ तिथं नव्हतं. मूळ माझ्या कपाटात साड्यांखाली होतं. अक्का बाळ्याच्या कानावरून हात फिरवत राहिल्या. मी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या शेळीकडे वळलो. निर्लज्ज, दुसरं काय!

त्या दिवसानंतर टायगरवर एकही मादी घातली नाही, एवढं केलं. 'म्हातारा झाला' म्हणून सांगायचो. पाच वर्षांचा कुत्रा म्हातारा! बारा वर्षं जगावं असं जनावर, नवव्या वर्षी उठेनासं झालं आणि गेलं. शेवटचे महिने मी त्याला उचलून अंगणात न्यायचो तेव्हा तो माझा हात चाटायचा. त्याला काय माहीत.

मधे एकदा सूर्यग्रहण लागलं. बायकोला ग्रहण बघायला जुनी एक्स-रे फिल्म हवी होती — तसं बघू नये म्हणतात, पण आमच्या गल्लीत कोण ऐकतंय — आणि तिनं कपाट उपसलं. मी अंघोळीहून येतो तर सगळी गल्ली टायगरच्या मोडक्या खुब्यातून सूर्य बघतेय! शेजारच्या पोरीनं विचारलं, 'काका, हे कुणाचं हाड हो?' कोपऱ्यात मालक म्हणून माझं नाव होतंच. मी पुढं झालो, टायगरच्या नावावर अंगठा दाबला आणि म्हणालो, 'माझं.' तेव्हापासून बायको रोज संध्याकाळी माझ्या कमरेला तेल चोळते. आणि मी पालथा पडून चोळून घेतो. सांगा आता, याला काय म्हणायचं?

मागच्या वर्षी लाळ-खुरकुताची लस टोचायला वळसंगला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, त्या शेतातल्या घरच्या म्हशी राहिल्यात. अक्काचं घर. पाच वर्षं मी ते टाळत होतो. दारात गेलो आणि तिथंच थबकलो. घरभर फरशीवर पोती अंथरलेली. सिमेंटची, साखरेची, एकाला एक शिवलेली. हौसेनं टाकलेली फरशी बोटभरसुद्धा दिसत नव्हती. बाळ्या जिवंत होता. साडेसात वर्षांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. अक्कांनी त्याच्या पोटाखालून जुन्या चादरीचा पट्टा घेतला, दोन्ही टोकं धरून त्याचं मागचं अंग उचललं आणि त्याला लिंबाखाली चालवत नेलं. कुणी शिकवलं नव्हतं. रोज तीन वेळा नेतात म्हणे. लस टोचायला माझ्याबरोबर आलेल्या पोराला त्या सहज सांगत होत्या, 'माज्याच हातनं झालं की बाबा. फरशीची हौस नडली.'

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी तिथंच पोत्यावर बसलो आणि म्हणालो — अक्का, फरशीचं नाही, त्याच्या बापाच्या खुब्यातच दोष होता, हाडाच्या फोटोत दिसलाय. पण बघा हं, तिथंही मी काय जोडलं? 'मला मागनं कळलं.' मागनं!

अक्कांनी बाळ्याला हळूच खाली बसवलं. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, 'पाच वर्सं मी त्याला अर्धी भाकरी घातली.' आणि मग, 'फोटू दाखवा मला त्या हाडाचा.'

रविवारी फिल्म घेऊन निघायचं होतं. शनिवारी कात्री हातात घेऊन बसलो. कोपरा कापला की तारीख गेली, कोण विचारतंय? बायकोनं पाहिलं, विचारलं, कमरेची फिल्म कशाला कापताय? मी म्हणालो, माझी नाही, टायगरची आहे. तिनं तेलाची बाटली उचलली आणि आत गेली. ती बाटली त्यानंतर बाहेर आली नाही.

कोपरा मी कापला नाही.

अक्कांनी फिल्म दारातल्या उजेडात धरली. 'हितं काय लिवलंय?' मी वाचलं. टायगर. माझं नाव. आणि तारीख — 'नागपंचमीच्या आदल्या आठवड्यातली, अक्का.' त्यांनी बोटांवर कुत्रीच्या गाभणपणाचे दोन महिने मागं मोजले. बाळ्या दसऱ्याचा, हे मीच त्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

'म्हंजी तुमाला आदीच ठावं हुतं.'

'व्हय,' म्हणालो.

त्या उठल्या. एका कडेनं पोत्यांची शिवण उसवायला लागल्या. निम्मी पोती काढली, बाळ्याच्या वाटेवरची तेवढी ठेवली, आणि उरलेली फरशी पाणी ओतून पुसून काढली. लालभडक फरशी, नव्यासारखी. चहा काही ठेवला नाही, आणि मीही वाट बघितली नाही.

आमच्या डॉक्टरांना बरोबर नेऊन बाळ्याला दाखवलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, भाकरी किती घालायची ते नीट सांगितलं, मागच्या पायांना रोज चोळायला सांगितलं. ते मी रविवारी जाऊन करतो, बाकीचे दिवस अक्का. बरगड्या झाकल्यात आता. परवा लिंबापासून दारापर्यंत तो पट्ट्याविना आला. वाकडातिकडा, पण आपल्या पायांनी! अक्का मोठ्यानं हसल्या, बाळ्या पिल्लू होता तेव्हा हसल्या होत्या तशा. टायगरची पिल्लं जिथं जिथं दिली, त्या घरांना मी एकेक करून फोन करतोय. काही शिव्या देतात, काही फोन ठेवतात. अजून पाच घरं राहिलीत.

आणि ती फिल्म? ती अक्कांनी परत दिली नाही. दाराशेजारच्या खिडकीला खळीनं चिकटवली आहे. गावात कुणाला जातीचं पिल्लू घ्यायचं झालं की आधी त्या खिडकीपाशी आणतात, हाड दाखवतात आणि म्हणतात, 'आदी बापाचा फोटू मागा, मग पिल्लू.' लोक वाकून कोपऱ्यातलं वाचतात. सकाळी ऊन खिडकीवर आलं की माझं नाव लांबूनसुद्धा नीट वाचता येतं.