वीडरची खांदशेकणी

बैलजोडी विकून मी तण काढायचा पॉवर वीडर आणला, त्याला दोन वर्षं झाली. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "लोखंडाले काय कळते, कोन हाकलून राह्यलं ते?" त्यानंतर त्यांनी त्या यंत्राला कधी हात लावला नाही. गोठ्यात बैल बांधायचो तिथेच मी ते उभं करी, आणि बाबा त्याला वळसा घालून जात. इतर सगळ्या विषयांवर ते माझ्याशी बोलत, फक्त वीडरचं नाव घेत नसत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्याशी गेलो, तर बाबा वीडरसमोर उकिडवे बसलेले. वाटीत तूप-हळद, हातात पळसाचं पान. वर्षभर जू ओढून दुखावलेला बैलाचा खांदा या संध्याकाळी तुपाने मळून शेकतात. यंत्राला कुठला आलाय खांदा? पण बाबांनी तो शोधला होता, इंजिनाच्या डाव्या कुशीला. तिथे मन लावून चोळत होते, आणि बैलाला देतात तसं हलक्या आवाजात आमंत्रण देत म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी पुढे झालो असतो तर ते उठून गेले असते. आल्या पावली परत फिरलो. फार बरं वाटलं, पण घरात कोणाला बोललो नाही.

पोळा झाला, करीचा दिवस गेला, आणि मग मिरचीच्या सरीत वीडर घातला. इंजिन सुरू झालं, पण कितीही रेस दिली तरी कण्हतच राहिलं, आणि पाती मातीत शिरली की बंद. देऊळघाटच्या मेकॅनिकला फोन केला.

"गव्हर्नरची स्प्रिंग सुटली असंन, भाऊ," तो म्हणाला. "गव्हर्नर इंजिनाले आवरते अन स्प्रिंग त्याले पुढं वढते. वढणारंच नसलं त गडी उठंन कसा?"

वाकून पाहिलं. स्प्रिंगचं एक टोक लोंबत होतं. आकड्यात पळसाच्या पानाचा तुकडा अडकला होता, आणि शेजारच्या पत्र्यावर हळद.

आधी हसू आलं, मग बाबांचा विचार आला. बिघाड आपल्या हातून झाला हे बाबांना कळलं, तर ते पुन्हा या यंत्राकडे फिरकणार नाहीत. पंचेचाळिशी गाठली तरी बापाच्या रुसव्याची मला धास्ती वाटते, हे कबूल करतो. पानाचा तुकडा खिशात टाकला. फडक्याने हळद पुसत होतो, तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून बाबाच आले.

"काय झालं त्याले?"

"काही नाही, बाबा. स्प्रिंग सुटली. हादऱ्यानं सुटते कधी कधी."

ते जवळ बसले. स्प्रिंग अडकवायच्या पट्टीला तीन भोकं होती. घाईत मी पकडीने स्प्रिंग सगळ्यात लांबच्या भोकात ओढून बसवली. दोरी ओढली तर इंजिन असं किंचाळलं की बाबांनी दोन्ही हात वर केले.

"बंद कर, बंद कर! लय ताणलं, बाप्पा!"

बंद केलं. बाबांनी मधल्या भोकावर बोट ठेवलं. तिथे अडकवली. आता आवाज एकसारखा आला. पाती मातीत घातल्यावर इंजिन क्षणभर दबलं आणि स्वतःच सावरलं. बाबा सरीच्या टोकापर्यंत माझ्या बाजूने चालत आले.

तिथे थांबून त्यांनी माझ्या खांद्यावरचं फडकं घेतलं. घाम पुसता पुसता थबकले, फडक्यावरचा पिवळा डाग पाहिला, आणि घडी घालून ते मला परत दिलं. मी मिरच्यांकडे पाहत राहिलो.

"पुढच्या साली," बाबा म्हणाले, "दुसऱ्या कुशीनं शेकीन त्याचा खांदा."