पट्ट्याचा हात

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. खुर्चीच्या दांड्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा लोणीकाकांनी डाव्या हातात धरला आहे आणि उजव्या हातातला वस्तरा त्यावरून ते फिरवत आहेत. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर वळतो आणि परत निघतो. धारेवर वळवला तर पट्टाच चिरेल. काकांचे डोळे मिटलेले आहेत. हे काम ते कानाने करतात.

गरम पाण्याच्या वाफेने आरसे पांढरे झाले आहेत. रस्ता, समोरची दुकानं, सायकलवरून जाणारा दूधवाला, सगळं त्या पांढऱ्यात उमटतं आणि विरघळतं. या वेळी दुकानात बोलायचं झालं तरी आवाज आपोआप खाली येतो.

हात लोण्यासारखा मऊ म्हणून गल्लीने त्यांना लोणीकाका केलं, त्याला आता जमाना झाला. बाकीच्या गिऱ्हाइकांची दाढी ते बदलत्या पात्याने करतात. जुना वस्तरा उरला आहे तो एकाच माणसासाठी. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींसाठी. बायको गेल्यापासून घड्याळजींना रात्री झोप नाही. पट्ट्यावर वस्तऱ्याची सप् सप् सुरू झाली, की मात्र फेसाखाली त्यांचा जबडा सैल पडायचा आणि ते घोरू लागायचे. दिवसाकाठी तेवढीच काय ती त्यांची झोप. दाढी झाली तरी काका त्यांना उठवत नसत, दुसरं गिऱ्हाईक बाजूच्या खुर्चीवर घेत.

गेले पंधरा-वीस दिवस घड्याळजी जागे आहेत.

"लोणीकाका, लोणी आजपण फ्रिजमधलंच वाटतं," घड्याळजी गेल्या आठवड्यात म्हणाले होते.

"तुमची दाढी निबर झालीय."

"दाढी उरलीय किती, निबर व्हायला?"

वस्तरा ओढला जातोय हे काकांनाही कळत होतं. त्यांनी साबण बदलून पाहिला. पट्ट्याला तेल चोळलं. वस्तरा सहाणेवर पुन्हा घासला, नखावर धार बघितली, चांगली होती. पट्ट्यावर चार हात फिरवले की ती कुठे जात होती, कळत नव्हतं. शेवटी सोमवारी त्यांनी सांगून टाकलं, "शनिवारपर्यंत बघू. नाहीतर तुम्हालाही सगळ्यांसारखं बदलतं पातं." घड्याळजी म्हणाले, "म्हणजे पट्टा नाही?" काका म्हणाले, "त्याला पट्टा कशाला लागतोय?"

काकांची मुलगी पडद्यापलीकडे बायकांचे केस कापते. ती येते दहाला. आज गुरुवारी वीजमिस्त्री लवकर येणार म्हणून ती काकांबरोबरच आली, आणि मिस्त्री अर्थातच आला नाही. बसल्या बसल्या तिने फडक्याने समोरचा आरसा पुसला. त्यात तिला बाप पाठमोरा दिसला, आणि त्याचा डावा हात.

पट्ट्याला झोळ पडला होता, कपडे वाळत घातलेल्या दोरीला पडतो तसा.

दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून काकांचं डावं मनगट मोडलं होतं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी प्लास्टर निघून ते दुकानात परतले, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, उजवा शाबूत आहे ना? वस्तऱ्याचा हात सगळे बघतात. पट्ट्याच्या हाताकडे काकांचंही लक्ष नव्हतं. सैल पट्टा पात्याच्या कडेवर वर चढतो आणि लावलेली धार गोल करून टाकतो.

"बाबा, तुमचा पट्टा लोंबतोय."

"लोंबत नाही."

"डोळे उघडून बघा."

काकांनी बघितलं. मग मूठ आवळली. पट्टा क्षणभर सरळ झाला आणि झोळ परत आला.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली.

"पट्टा दुसऱ्याच्या हातात देत नसतात."

"मग घ्या बदलतं पातं."

फेस लावून बसलेले घड्याळजी म्हणाले, "तुमचं भांडण मिटेपर्यंत माझा फेस वाळेल."

काकांनी टोक सोडलं. मुलीने ते धरलं आणि हिसका दिला.

"ओढू नकोस. ताण."

"एकच की."

"एक नाही. दोरी ओढतात, तंबू ताणतात."

तिने पाय रोवले, कोपर अंगाशी घेतलं. काकांनी डोळे मिटले. वस्तरा निघाला, वळला, परत आला. पहिल्या फेऱ्यांना आवाज जाड होता. मग तिचा हात स्थिरावला आणि आवाज बारीक झाला, कोऱ्या कापडावरून नख फिरवावं तसा. आरशावर पुन्हा वाफ धरली. बाप, लेक आणि मधला पट्टा धूसर झाले, सप् सप् तेवढी स्पष्ट राहिली.

"हात भरून आला," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"हळू बोल."

घड्याळजींचा जबडा सैल पडला होता. काकांनी दोन बोटांनी त्यांचा गाल ताणला आणि वस्तरा कानाखालून खाली आणला. तो कुठे अडला नाही. हनुवटीपाशी पोचेपर्यंत घोरणं सुरू झालं होतं.

मुलीने पट्टा दांड्याला अडकवला आणि खुणेनेच विचारलं, उद्या? काकांनी पातं पुसता पुसता मान हलवली.

उद्या शुक्रवार. दुकान पावणेसातला उघडतं, तसंच उघडेल. पडद्यापलीकडची खुर्ची दहालाच सुरू होईल, पण मुलगी सातच्या आत आलेली असेल.