हिरड्याचं पाणी आणि खोबरेल

मी चौथी पास. घाटकोपरला एका फर्निचरच्या कारखान्यात जन्मभर पॉलिश केलं. म्हणून लाकडाबद्दल सांगतो ते खरं धरा, बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

बायको गेली तेव्हा लोकांकडे नुकते रंगीत टीव्ही येत होते. मुलीकडे आला होता, बोरिवलीला. तेरावं झालं आणि ती म्हणाली, "बाबा, आता इथे एकटे राहू नका. पंधरा दिवसांनी रविवारी टेम्पो आणते. पण ती आईची खुर्ची नको हां."

"का गं?"

"पाठीला केवढा तेलकट डाग आहे. आमच्याकडे सगळं फर्निचर काळं. सोफ्याशेजारी कशी दिसेल ती?"

खुर्ची सागवानी. कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांची मीच जोडलेली. दुपारची भांडी झाली की बायको तिच्यात बसायची, डोकं मागे टेकून. खोबरेल असं थापायची की लाखेचं पॉलिश वर्षभरात उडालं. मी ओरडलो की म्हणायची, "डोक्याक तेल नको तर काय तुमचा पालिश लावू?" शेजारणी हसायच्या. मला राग यायचा.

खुर्ची टाकून मी जाणार नव्हतो. रडू वगैरे आलं नाही. नुसतं ते ठरलेलं होतं.

म्हटलं, काळीच करू. काळ्यात डाग कुठला दिसतोय. बाजारचा रंग नको, तो लाकूड झाकतो. आमचा जुना मिस्त्री करायचा तसलं पाणी केलं. मूठभर गंजके खिळे बरणीत टाकायचे, वर शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतायचा आणि आठवडाभर ठेवायचं. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू धरतो. हे पाणी द्यायच्या आधी लाकडाला हिरड्याचं तुरट पाणी पाजायचं, मग काळं धरतं. हिरडे आणावे लागले नाहीत. बायकोने पोटासाठी डब्यात ठेवलेले होते. सगळे उकळले. डबा धुवून पालथा घातला.

खुर्ची खरखरीत कागदाने घासली. डागही घासला. फिकट झाला, वाटलं गेला. हिरड्याचं पाणी दिलं, वाळल्यावर खिळ्यांचं दिलं. लाकूड आधी राखाडी होतं, मग बघता बघता काळं. पाय, हात, बैठक, सगळं शाईसारखं झालं. पाठीवर ताटलीएवढा गोल मात्र तसाच. दुसरा हात दिला. पाणी थेंब थेंब होऊन त्याच्यावरून ओघळलं.

तेल आत मुरलेलं. तेलकट लाकूड आधी धुण्याच्या सोड्याने धुवायचं, हे कामावर नव्या आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. सांगणारा मीच असायचो. इतकी वर्षं लोकांच्या सामानाला कधी चुकलो नाही, घरच्या खुर्चीला विसरलो. आधी तो नुसता डाग होता. आता दारातूनही कळत होतं की इथे कोणी डोकं टेकायचं.

सोडा घरात होता. कागद होता. अजून दोन दिवस होते. घासून, धुवून परत करता आलं असतं. मी केलं नाही. जेवलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशीही तसंच.

रविवारी मुलगी टेम्पो घेऊन आली. सामान होतं किती, दोन ट्रंका, भांडी आणि गादी. खुर्चीपाशी येऊन थांबली.

"हे काय हो बाबा? मधलं राहिलं?"

"राहिलं नाही. घेत नाही."

"का?"

"तेल."

ती बघत उभी राहिली. टेम्पोवाला घाईत. त्याने खुर्चीला पाय लावून विचारलं, "ये भी जायेगा क्या?"

खुर्ची राहिली तर मीही राहणार, एवढंच डोक्यात.

"पाय काढ आधी," मुलगी त्याच्यावर खेकसली. मग हिंदीत म्हणाली, "वोइच पहले चढाव. और घासना नय कुठे."

खुर्ची आता त्यांच्या हॉलमध्ये आहे, सोफ्याशेजारी. पाहुणे यायचे असले की मुलगी तिच्या पाठीवर टॉवेल टाकते. ते गेले की काढते. मी सोफ्यावर बसतो.