चौकटीला ‘नाही’ म्हणणारे काकाजी

“थांब. कोनं सांगतलं?”

पाण्याची लांब चावी व्हॉल्व्हवर बसवली की गावाला पाणी सोडणाऱ्या काकाजींचं हे ठरलेलं. गल्लीच्या टोकावरून फिटर “सोडा पाणी!” म्हणून कितीही ओरडो, चावी तशीच उभी ठेवून ते स्वतः चालत जायचे. दुरुस्तीच्या खड्ड्यात कोणी उरलं नाही ना, वाकून बघायचे. मगच पाणी. बोरगाव मेघेतल्या बाया पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन ताटकळायच्या.

“काकाजी, संशय घ्यायचाच पगार भेटते का तुमाले?”

“हो बाई. पानी तं फुकटच सोडतो.”

तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेलच.

मी पाणीपुरवठ्यात लागलो तेव्हा जमिनीखालचे व्हॉल्व्ह कुठे आहेत हे फक्त काकाजींच्या डोक्यात होतं. नकाशा नव्हताच. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. ते रिटायर होण्याआधी त्यांच्या मागे फिरून सगळं मोबाइलच्या नोंदवहीत उतरवलं. ‘चक्कीच्या पायरीपासून सात पावलं, फरशीखाली.’ एक प्रत माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. काही बदललं की मी ग्रुपवर लिंक टाकायचो. दाबली की नोंद आपोआप सुधारायची.

पण आधी चौकट यायची: ‘ही लिंक तुमची नोंद बदलणार आहे. बदलू द्यायची?’ काकाजी ती मोठ्यानं वाचायचे, ‘नाही’ दाबायचे आणि मला फोन लावायचे.

“काकाजी, नाव माझंच दिसते ना?”

“नाव दिसते. तू दिसतं का?”

वैतागून मी माझ्या मोबाइलवर ती चौकटच बंद करून टाकली.

एका सकाळी ग्रुपवर कोणीतरी माझीच जुनी लिंक पुन्हा टाकली. मी दाबली. ती मी शिकताना बनवलेली होती. अख्खी नोंद पुसून तिथं ‘चाचणी’ एवढंच लिहायची. सगळे व्हॉल्व्ह गेले. आधी मी ग्रुपमधल्या एकेकावर संशय घेतला. मग धावत काकाजींकडे गेलो. त्यांच्या मोबाइलवर सातही पावलं जागच्या जागी होती.

“तुमाले ते लिंक आली नाई का?”

“आली ना. तुले फोनच लावत व्हतो. तुह्याच नावाची व्हती, म्हनून तं नाई म्हटलं.”

आणि वर चहा पाजला.

काकाजी गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांची प्रत आता माझ्याकडे आहे आणि चौकट चालू आहे.

परवा चक्कीजवळ चावी बसवली. टोकावरून आवाज आला, “सोडा, सर!” बाया गुंड घेऊन उभ्याच होत्या. मी चावी तशीच ठेवून चालत गेलो. खड्ड्यात वाकून पाहिलं.

विसरलेला पाना घ्यायला फिटर पुन्हा आत उतरला होता.