आईच्या कानातले बोळे

माझी आई कुणाला सहजासहजी 'छान' म्हणत नाही. सांगलीत तिने उभा जन्म गाणं शिकवलं. तिच्याकडून 'बरं आहे' एवढं ऐकलेली मुलगी घरी जाऊन पेढे वाटायची. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात ती आमच्याकडे इंग्लंडमध्ये, रीडिंग गावी आली आणि शनिवारच्या ऑनलाइन क्लासमध्ये ओळीने सगळ्यांना 'छान, छान' म्हणू लागली, तेव्हा मी चहाचा कप धरून दारातच थांबले. काहीतरी बिघडलं होतं.

क्लास संपल्यावर तिने लॅपटॉप मिटला. "माझे कान गेले गं," ती म्हणाली. "बोलणं कळतं, सूर कळत नाही. सगळ्यांना सांगून टाकलंय, या महिन्यानंतर क्लास बंद. दुसरी बाई शोधा."

मला राग आला. तिचा नव्हे, तिने इतक्या मुकाट्याने हार मानली याचा. आईकडून गाणं काढून घेतलं तर उरते ती नुसती गुडघे दुखणारी एक म्हातारी, आणि त्या बाईला मी ओळखत नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याचाच मला पगार मिळतो, आणि मी माझ्या कामात चांगली आहे हे सांगायला लाजत नाही. आधी तिला टाउन सेंटरमधल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. इथे चष्म्याच्या दुकानात कानही तपासून देतात. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम. परतताना बसमध्ये आईने निकाल फेटाळला. "मशीनचं बीप ऐकणं वेगळं आणि निषाद ऐकणं वेगळं."

पण मला धागा मिळाला होता. क्लासचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं तर मला सगळं स्वच्छ ऐकू आलं. आई स्वतः स्पीकर कधीच लावत नाही, जावयाची शनिवारची झोप मोडेल म्हणून. म्हणजे मधे राहिले इयरफोन. मीच दिलेले, टोकाला फोमच्या मऊ टिप्स असलेले. आईच्या भाषेत बोळे. दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात घालायचं नाही, हा तिचा कडक नियम, म्हणून मी त्यांना कधी हात लावला नव्हता. ती अंघोळीला गेल्यावर मी ते सरळ कानात घातले आणि तानपुरा लावला. गोधडीखालून यावा तसा आवाज आला.

काढून नाकाशी नेले आणि मला हसूच फुटलं. खोबरेल तेल!

इथल्या हीटिंगने कान कोरडे पडतात असं आईचं म्हणणं. त्यामुळे रोज झोपताना दोन्ही कानांत कोमट खोबरेलाचे थेंब. तिच्या आईने तिला घातले, तिने मला घातले. आणि कानात राहिलेलं ते तेल फोम पिऊन टाकत होता. राखाडी टिप्स पिवळट, चिकट झाल्या होत्या. दाबल्या की चेपलेल्याच राहायच्या. आतल्या बारीक जाळीवर मळाचा थर बसला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

नुसती धूळ किंवा घाम असता तर ओलसर फडक्याने पुसून, वाळवून भागलं असतं. स्पिरिट मात्र लावायचं नाही, फोम खराब होतो. पण तेल प्यालेला फोम सुधारत नाही, तो फेकायचाच. जुन्या टिप्स ओढून काढल्या. जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ टूथब्रशने ती झाडली, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. मग नव्या टिप्सचं पाकीट मागवलं. त्यात तीन मापं होती. आईला सगळ्यात लहान बसलं.

"बोळा बोटांत वळ, बारीक झाला की कान वर ओढून आत सार, आणि फुगेपर्यंत धरून ठेव," मी हुकूम सोडला. आईने समईची वात वळावी तसा तो झटक्यात वळला. मला अजून इतका सुबक जमत नाही.

"आणि रोजचं तेल बंद."

"मुळीच नाही."

बरंच वाजलं आमचं. शेवटी तह झाला: तेल फक्त रविवारी रात्री, आणि कान पुसल्याशिवाय इयरफोनला हात नाही. मी जिंकले असं मी मानते. तीही तसंच मानते.

शनिवारी सगळ्यात आधी तिची जुनी शिष्या आली, पन्नाशीची, तिकडे सांगलीत शाळेत शिकवणारी. मी मुद्दाम समोर बसले. मला फक्त आईचं बोलणं ऐकू येत होतं.

"थांब," आईचा हात वर गेला. "निषाद उतरलाय. परत." थोड्या वेळाने, "अंहं. परत." मग, "हां, आता लागला."

मला इतका आनंद झाला की उठून नाचावंसं वाटलं. आईने मात्र लॅपटॉप जवळ ओढला. मग ती चाचरत म्हणाली, "अगं, कान ठीक आहेत माझे. दुसरी बाई मिळाली असेल ना तुला एव्हाना?"

ती ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले. काय म्हणाली, असं मी हातानेच विचारलं.

आईने एका कानातला बोळा काढला.

"म्हणते, शोधलीच नाही."